माय, इथी रेती गरम हाय

माय, दादाचा फोन आल्ता. मने ऐतवारी पुन्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय, सगये दोन-दोन शब्द बोलनार हायेत, तुले येता येत नाई तं लिहून पाठव, मी वाचून दाखवतो. मी मनलं मले काय लिहिता येते, नववीत तं शाळा सुटली. तो मने जसं बोलतं तसं लिही. मंग लिहून राह्यली, मोबाइलवर, एका बोटानं. समी मांडीवर झोपली हाय, दुसऱ्या हातानं तिले थोपटून राह्यली. दादा, लोकाइसमोर जेवढं वाचाले बरं वाटन तेवढंच वाचजो, बाकीचं सोडून देजो, पन सगये गेले का मायच्या फोटोजवय बस अन् ते सुदा वाच. तिले सगयं आयकू जाऊ दे.

ऐतवारी लोक उठून सांगतीन पंचफुलाबाई लय चांगली होती, लय कष्टाची होती. मी ते नाई सांगत. मले येगयंच सांगाचं हाय. माय, मी तुयासंग रोज खोटं बोलत होती.

तुयी सकाय अन् माई दुपार, तवा तुया व्हिडिओ कॉल ये. पहिलं काय इचारे तू? जेवली काय नाई, जवाई कसे हायेत नाई. "न्हाऊ घातलं काय वं लेकराले?" अन् मी मनो, "हो माय, घातलं."

"मान वर कर तिची."

"काहून?"

"कर तं."

मी मान वर करो, तू मोबाइल डोयाजवय नेये, इतक्या जवय का मले नुसतं तुयं नाकच दिसे. "मय हाय मानीत."

"मय नाई माय, सावली हाय ते. मोबाइलची."

"मले शिकवतं? अर्ध्या अकोल्याच्या माना धुतल्या म्या. मय हाय."

"नाई."

"हाय."

चार महिने आपलं हेच चाललं. तू हाय मने, मी नाई मनो. अन् खरं हे हाय माय का इथी परदेशात आल्यापासून मी तिच्या आंगावर एक गडवा पानी घातलं नाई. वल्या फडक्यानं पुसो. आठवड्यातून एक दिवस तुया जवायाले सुट्टी राये, तवा ते तिले टबात बसवून न्हाऊ घालत, धाब्यावरचे गंज घासल्यावानी, खसाखसा. मी भाईर उभी राहो, कानावर हात ठेवून. पान्याचा आवाज बंद झाला का मंग दार लोटो. कोनाले सांगू हे? पंचफुलाबाईची पोरगी, अन् लेकराच्या आंगावर पानी घालाले भेते.

तू कसं घाले ते मले आता डोये झाकले तरी दिसते. सकाय झाली का तू काखेत पाट घेऊन निंगे. आपल्या फैलातल्या गल्ल्याइत, प्लाटात, स्टेशनाकडे, जिथी लेकरू झालं तिथी तुले बोलवत. एका घरात तं तुया चहाचा कप येगया राये, खिडकीत पालथा घातलेला, अन् त्याइचं लेकरू मात्र तुया पायावर उघडं-नागडं. लहानपनी मी तुयासंग येऊन कोपऱ्यात बसो. तू भितीले पाठ लावून बसे, लुगडं मांड्यावर खोसे, पाय लांब करे, घोट्याले घोटा लावून, अन् त्या दोन पायाच्या मधात लेकरू असं बसे जसं काई तुये पाय त्याच्यासाठीच घडवले. तेल मुरून-मुरून तुया नडग्या चकाकत.

अन् पहिलं काम काय, तं बकेटीत बोट बुडवून जिभेले लावे. लोक हासत. "पंचफुलाबाई, पानी लेकरासाठी हाय, तुमच्यासाठी चहा ठेवला न." तुयं माहेर तिकडचं, दर्यापुराकडचं, पूर्णेच्या खारपान पट्ट्यातलं. तिथी हिरीले पानी खारं, त्या पान्यानं लेकराचं आंग उलते, हे तुया मायनं तुले शिकवलं. अकोल्यात नय आले, तरी तुई जीभ काई सुटली नाई. मंग हाताचा कोपरा बुडवून पाहे, गरम किती हाय. मंग पानी. लेकरू बोंबले, तू मने, "रडू द्या, रडलं मंजे झोपते." सगयं झालं का दुपट्यात गुंडायून बायतिनीच्या हातात देये अन् मने, "घ्या. तुमचं तुमाले." जशी काई तू ते घडीभर उसनं नेलं होतं. सगये हासत. मले वाटे हे जगातलं सगयात मोठं काम हाय.

मंग माई येय आली.

समी दिवस भराच्या आधी झाली, मुठीएवढी. दवाखान्यात तिले काचेच्या पेटीत ठेवलं, मले भाईरून पाहू देत, आंगाले बारीक रबरी नया लावेल, डोयावर पट्टी. नर्सबाई मनल्या वजन वाढेलोक आंघोय नाई घालाची, नाकात तेल नाई टाकाचं, जास्त हात नाई लावाचा. मी ते मनात असं धरून ठेवलं जसं पान्यात बुडताना मानूस दोर धरते. घरी आनल्यावर तू जवय आली तरी मी मनो, हात धुतले काय? तू मने, "जनमभर हातच तं धुतले वं." अन् धुऊन ये. दोन-अडीच महिने तू कडेले बसून राह्यली, पाट भितीले टेकलेला. शेजारची बाई एकडाव मने बी, काय पंचफुलाबाई, घरचं लेकरू कोरडं अन् दुनियेले आंघोया. तू हासली. मी पाह्यलं, तू लय जोरात हासली.

एक दिवस मी अन् वयनी समीच्या जन्माच्या दाखल्यासाठी महानगरपालिकेत गेलो होतो. वापस आली तं मोरीतून वाफ येऊन राह्यली. पाह्यलं, तं तू पाय लांब करून बसेल अन् समी तुया पायावर, डोक्यावरून पानी वाहून राह्यलं, अन् तिचा श्वास अटकलेला. तोंड उघडं, आवाज नाई. ओठ निये. तू तिच्या तोंडाजवय वाकली होती, काई करनार होती. मी पिशवी फेकली. हातातून वढून घेतलं तिले, अन् काय बोलली मी ते दादा लोकाइसमोर वाचू नको.

मी मनलं, "तुयाच हातानं मरन हे. हात थरथरतेत तुये, दिसत नाई तुले?"

समी तं लगेच बोंबलली. मस्त, खनखनीत. तू तशीच बसेल, पाय लांब, रिकाम्या पायावरून साबनाचं पानी वाहून राह्यलं. मंग तू हात पुसले.

"घे," मने. "तुयं तुले."

रोज हासून मने तू ते. त्या दिवशी नाई हासली.

पाट तू पेटीच्या मांगं टाकला. मले वाटलं रुसली, दोन दिवसात होईन बरोबर. आपल्या घरात कोनी कोनाले माफी मांगत नाई न माय, तशी सवयच नाई. चहा ठेवतो, कप समोर सरकवतो, झालं. मी बी ठेवला. अदरक टाकून, तुले लागते तसा. तू पेली. मले वाटलं मिटलं. तू माया खाटेखाली शेगडी ठेवत राह्यली, मले भाकर अन् मेथीची भाजी चारत राह्यली, डिंकाचे लाडू कर, इकडून तिकडं कर, सगयं केलं. लेकराच्या पान्याले तेवढा हात नाई लावला मंग.

अन् मले इकडं धाडलं बी तूच. मी भेत होती. मी मनलं नाई जात मी परदेशात, मले तिथी बोलता नाई येत, भूकंप होते तिथी. तू मने, "जवाई तिथी एकटे तंदूरीवर भाजून राह्यले, अन् तू इथी मायच्या पदराखाली. लेकराले बाप पायजे. अन् बुद्धाचा देश हाय तो, भ्यायचं काय त्याच्यात?" साऱ्या फैलात सांगत फिरली, माई पोरगी बुद्धाच्या देशात चालली. स्टेशनावर पिशवीत बांधून दिलं, ओवा, बायतशोपा, वावडिंग, धुरीसाठी. तियाच्या तेलाची बाटली दिली. गाडी हालली तरी तू खिडकीतून सांगतच होती, "पानी कोपऱ्यानं पाह्य, बोटानं नको पाहू, बोटाले समजत नाई." मी मुंडी हालवली. मनात मनलं, घालतेच कोन.

हे गाव समुद्राच्या काठी हाय. जमिनीतूनच गरम पानी निंगते, कोनी तापवाले लागत नाई. रस्त्याच्या कडेच्या नालीतून वाफ निंगते. पहिल्या दिवशी तुले मोबाइलवर दाखवली तं तू ओरडली, "अवं नाली पेटली काय? दादा, पाह्य रे, नाली पेटली हिच्याकडची!" मंग मने, "एवढं गरम पानी. अन् कोनी लेकरू आनून देत नाई तिथी, असं होईन काय?" मले समजलं तू कायचा इचार करून राह्यली. मी मुद्दाम दुसरं बोलली.

शेवटच्या कॉलवर तू मने, "माया जवय असती तं..."

"तं काय?"

"काई नाई."

मी मनलं, "ठेवते माय, कुकर लावला." कुकर नवता लावला. मले भेव वाटलं तू पुढचं बोलशीन. आता मी रोज बसून ते वाक्य पुरं करते. माया जवय असती तं मी न्हाऊ घातलं असतं. माया जवय असती तं तू घालू दिलं असतं काय? कोनतं होतं माय? का नुसतं भाजी चारली असती, एवढंच होतं?

मंग दादाचा फोन आला, दुपारचा, तुया टायमाले. मी उचलून आधी मनलं, "घातलं माय, घातलं." तिकडून दादा रडून राह्यला.

मले येता नाई आलं. समीचे कागद हापिसात अटकले, तिले घेऊन देशाच्या भाईर जाता येत नवतं, टाकून बी येता येत नवतं. तुले नेलं ते मी मोबाइलवर पाह्यलं. काकाच्या पोरानं फोन धरला होता, त्याचा हात हाले, कधी आभाय दिसे, कधी कोनाची पाठ. मंग नेटवर्क कमी झालं अन् फोटो अटकला. माय, तो तुया पायावर अटकला. पांढऱ्या कपड्यातून भाईर निंगालेले तुये दोन पाय, घोट्याले घोटा लावून. कोनीतरी बांधले असतीन ते, मले ठाऊक हाय. पन मले वाटलं तू आता पाय लांब केले, आता मनशीन, आना लेकरू. आवाज येत होता, बुद्धं सरणं गच्छामि मनून राह्यले लोक, अन् तुये पाय हालत नवते. मी मोबाइल बंद नाई केला. बॅटरी संपली तवा तो आपला आपुन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी वयनीनं सांगितलं. रडता रडता तिच्या तोंडून निंगून गेलं. त्या मोरीतल्या दिसापासून मने, तू कोनाच्याच घरी गेली नवती. लोक बोलवाले येत, तू मने गुडघे धरले. वयनीले मात्र एकडाव बोलली होती, "हात थरथरतेत माये. पोरीले दिसलं ते."

माय, मी तं भेवानं बोलली होती. मले काई दिसलं नवतं. तुये हात थरथरत होते का नवते, मी पाह्यलंच नाई. मी फक्त लेकरू पाह्यलं.

मंग मी जेवन सोडलं असं नाई, पन घास उतरत नवता. समीचं दूध कमी झालं. हे घाबरले, हाटेलाच्या नेपाळी मालकाले सांगून सुट्टी घेतली अन् मले मने, चाल, समुद्र पाहून येऊ, घरापासून दहा मिनिटावर अन् तू अजून पाह्यला नाई. नवता पाह्यला, काहून का रस्त्यात एक बोर्ड हाय, त्याच्यावर मानूस पयून राह्यला अन् मांगून एवढी मोठी लाट. मी मनो, जिथी असा बोर्ड लावा लागते तिथी जाचंच कायले?

गेलो. माय, तो समुद्र हालतच नाई. मले वाटे समुद्र मंजे आवाज, लाटा, वारं. हा तं महानच्या धरनावानी, सपाट, काठाले नुसतं चाटल्यासारखं करते अन् वापस जाते. कोनी नाई. एक म्हातारा कुत्र्याले फिरवून राह्यला, कुत्रं बी भुकत नाई. सारं इतकं गप का मले माया चपलेचा आवाज आला. मी मनात मनलं, माय इथी असती तं हाक मारून मारून पुरा किनारा जागा केला असता.

अन् मंग मी ते पाह्यलं. एक लांब छप्पर, त्याच्याखाली कायी रेती, अन् रेतीत मानसं गाडलेले. गयालोक. नुसते मुंडके भाईर, रांगेनं. मी ह्याइचा शर्ट धरला, किंचायली, "अहो, मेले ते!" मले तुयाच पायाची याद आली. हे मने, "अवं जित्ते हायेत, पाह्य नीट." पाह्यलं तं एका बुढ्याचं मुंडकं शिंकलं. अन् एक बाई फावडं खाली ठेवून आली, त्याचं नाक पुसून दिलं अन् वापस रेती लोटाले लागली.

हे मने इथी खालून गरम पानी वाहते, त्याच्यानं रेती गरम राये, लोक त्याच्यात झोपतेत, हाडं मोकये होतेत. त्या फावड्यावाल्या बाया तुया वयाच्या, डोक्याले टावेल बांधेल, बाह्या वर खोचेल. एक-एकाच्या आंगावर दाबून दाबून रेती टाकून राह्यल्या. माय, तो तं शेक होता. तूच करे तो. भर जून महिन्यात खाटेखाली निखारे, मी घामानं वली, मी मनो माय मी मेली, अन् तू मने, "मरत नाई, हाडं पक्के होऊन राह्यले." मी हासली. नऊ दिवसात पहिल्यांदा. मंग हासता हासता काय झालं ते ह्याइले बी नाई समजलं, त्याइनं समीले घेतलं अन् मी तोंडावर पदर धरून उभी राह्यली.

त्याइनं मनलं तू झोप त्याच्यात, बरं वाटन. मी मनलं मले जित्तं गाडू नका, तुमीच जा, दिवसभर तंदूरवर उभं राहून पाठ गेली तुमची. गेले. दोन मिनिटात तुया जवायाचं बी मुंडकंच राह्यलं, टमाटरावानी लाल. मी छपराच्या भाईर बसली, समीले समोर बसवलं. रेती तिथी बी कोमट होती. मी काई ठरवलं नाई माय, पन माये पाय आपुनच लांब झाले.

समीनं काय केलं, मूठभर रेती घेतली अन् डोक्यावर टाकली. मंग दुसरी मूठ. मी धरेलोक कानात, मानीत, केसात, सारी कायी. अन् मुठीनं डोया चोयला. बोंबलली. मी फडकं काढलं, पुसलं, तं रेती अजून पसरली. मी ओरडली, "अहो या!" मुंडकं ओरडलं, "थांब, आलो!" अन् हाललंच नाई. येवढी जड रेती, हात भाईर काढता येईना. दोन्ही बाजूचे मुंडके ह्याइच्याकडे पाहून राह्यले.

पायरीजवय एक पाइपाची नयी होती, पाय धुवासाठी, गरम पानी सारखं वाहे. मी समीले काखेत घेऊन पयाली. बोट लावलं अन्, माय शप्पत, इचार न करता जिभेले लावलं.

खारं. तुया माहेरच्या हिरीवानी खारं.

मी हात मांगं घेतला. आता काय करू, डोयात रेती अन् पानी खारं. ती फावड्यावाली बाई, नाक पुसनारी, ते पाहून राह्यली होती. आली, काईतरी बोलली. मी मनलं, "खारं हाय, खारं!" अन् तोंड वाकडं केलं. तिनं बी बोट लावून जिभेले लावलं, अन् तिचं बी तोंड तसंच वाकडं झालं. मंग ती हासली. पयत गेली अन् आतून बकेट आनली, प्लास्टिकचा मगा, अन् एक लहान गंज थंड पानी. मी चाखलं. गोडं. तिनं बाही वर केली, बकेटीत कोपरा बुडवला. बोट नाई. कोपरा. थोडं थंड टाकलं, पुन्हा बुडवला.

मंग तिनं दोन्ही हात पुढं केले. दे मने लेकरू, मी धुते. तिच्या हातालेच काम समजत होतं, पाह्यल्याबरोबर दिसे. मले वाटलं देऊन टाकावं. घडीभराचं काम. अन् मंग मले पेटीमांगचा पाट दिसला.

मी मान हालवली. मनलं, "नाई. मी."

मी बसली. पाय लांब केले, घोट्याले घोटा लावला. खाली रेती गरम होती, तुया शेगडीवानी. समीचे कपडे काढले अन् तिले मधात ठेवलं. माय, ती बरोबर बसली. माये पाय तुयासारखे चकाकत नाई, पन जागा तीच हाय, तेवढीच. गडवा नवता, मगाच होता. अन् माये हात थरथरत होते. लय. तुया हाताचं मी जे बोलली होती त्याच्या दुप्पट थरथरत होते, पानी सांडून राह्यलं होतं. पहिलं पायावर घातलं, मंग पोटावर, मंग डोक्यावर.

अन् तिचा श्वास अटकला.

तोंड उघडं, आवाज नाई, ओठ निये. तस्संच. आजूबाजूले सारं गप, समुद्र गप, मुंडके गप. मी तिच्या तोंडाजवय वाकली अन् माया तोंडून फू निंगाली. कोनी शिकवली नवती मले, तुयीच पाहेल असन लहानपनी, कोपऱ्यात बसून. एक फू, नाकातोंडावर. तिनं डोये मिटले, आंग झटकलं, श्वास घेतला, अन् अशी बोंबलली का कुत्र्यावाल्या बुढ्यानं वयून पाह्यलं.

तू फूच मारनार होती न माय त्या दिवशी? वाकली होती तेवढ्यासाठीच. मी एवढं बी थांबली नाई. एक फूयेवढं थांबाले पायजे होतं मी.

"रडू द्या," मी मनलं. मराठीतच. त्या बाईले समजलं असन, तिनं मुंडी हालवली. मंग मी धुतलं. कान, केस, काखा, डोयात जराक पानी सोडलं, ते नीट झालं. हात काई थांबले नाई थरथराचे, पन काम झालं माय. थरथरत्या हातानं बी होते ते. लेकरू मरत नाई.

पदरात गुंडायलं. आता काय मनाचं ते मले ठाऊक होतं, पन कोनाले मनू? न्हाऊ घालनारी बी मीच अन् बायतीन बी मीच. हे तिकडून रेती झटकत पयत येऊन राह्यले, "काय झालं, काय झालं." ती बाई फावड्यावर हात टेकून उभी. मी समीले दोन्ही हातावर उचललं, त्या गप पान्याकडे तोंड करून, अन् हयूच मनलं, घे माय. तुयं तुले. कोनी घेतलं नाई. जराकसं थांबली, मंग वापस छातीशी धरलं.

झोपली ती, रस्त्यातच. तेव्हापासून दोन दिवस झाले, मी रोज घालून राह्यली, घरच्या मोरीत, भितीले पाठ लावून. भेव अजून वाटते. चाखून पाह्यते, कोपऱ्यानं पाह्यते. वावडिंगाची धुरी देते. तियाचं तेल संपत आलं, दादा कोनी येनार असन तं धाड. अन् दादा, पेटीमांगचा पाट कोनाले देऊ नको, सरपनात बी टाकू नको, पुसून ठेव. मी येईन तवा घेईन तो.

माय, एक राह्यलं. चार महिने आपलं भांडन चाललं न. त्या दिवशी रेतीवर समीची मान वर करून घासली, तं रेती निंगून गेल्यावर बी बोटाले कायं लागत होतं. मय होता. तू बरोबर होती.